पाकिटावर सुमिना

अक्रा, ५ जून १९८८

प्रिय आई,

देवळातले अर्कोफुल गुरुजी हे तुला वाचून दाखवायला लागतील तेव्हा तू भट्टीपाशी असशील आणि म्हणशील, "आटपा लवकर, मासे करपतायत." म्हणून आधी बातमीच सांगते. मला चौथा महिना लागलाय. नोव्हेंबर संपता संपता बाळ येईल. योफीला काय करू नि काय नको असं झालंय. शाळेत जाताना माझी पिशवीसुद्धा तोच घेऊन चालतो, आणि मी शिकवते त्या वर्गातली मुलं खिडकीतून बघून फिदीफिदी हसतात.

तू घाबरू नकोस. इथल्या मोठ्या दवाखान्यात आमच्यासारख्यांचा एक वार ठरलेला असतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जपून राहिलीस तर सगळं नीट पार पडेल. योफीचं रक्त आम्ही लग्नाआधीच तपासून घेतलं होतं. ते स्वच्छ आहे, म्हणजे बाळाला माझं दुखणं होणार नाही. होय आई, माझं दुखणं रक्ताचं आहे. ऑगस्टातल्या गारठ्यात मी हातपाय धरून किंचाळायचे ना, ते रक्तामुळे. पलीकडून मला कुणी हाका मारत नव्हतं.

हल्ली सकाळी मळमळतं. बाकीच्या बायकांना माशाच्या वासानं उलटी होते म्हणे, मला मात्र तुझ्या भट्टीचा धूर आठवला की पोट शांत होतं. काय काय आठवतं! होड्या लागल्या की तू टोपलं डोक्यावर घेऊन पुढे आणि मी मागे. मी जरा रेंगाळले की तू सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशी ओरडायचीस, "ए सुमिने, ए उकिरड्या, मेलीस का?" कोळी जाळी झटकता झटकता हसायचे. मीही हसायचे, पण आतून रडू यायचं. शेजारच्या अराबाला तिची आई "माझं सोनं" म्हणायची. तू मला गोड असं एकदाच काहीतरी म्हणालीस, तेही चुकून. म्हणालीस की तान्ही असताना मी तुझा कान धरून दूध प्यायचे. तेवढं एक मी इतकी वर्षं जपून ठेवलंय.

आता दोन मागण्या. बाळाला अंघोळ घालायला तूच ये. आणि आठव्या दिवशी बारशाला चारचौघांत मला एकदा माझ्या नावानं हाक मार. एकुआ म्हण. बस, एकदाच.

तुझी,
एकुआ

•

सॉल्टपाँड, २१ जून १९८८

चि. सुमिना हिस आशीर्वाद.

(तुझी आई सांगते तसं लिहितो आहे. एक शब्द गाळला तर शनिवारी मासे मिळणार नाहीत अशी तंबी आहे. — अर्कोफुल)

अगं कार्टे, पोटातली गोष्ट कागदावर लिहितात का कुणी? पोस्टातल्या दहा माणसांचे हात लागले असतील त्या कागदाला! मी तो तिथल्या तिथे भट्टीत टाकला. गुरुजी म्हणाले, जपून ठेवायचं होतं. जपताय कसलं डोंबल! पोट दिसायला लागलं की लोकांना आपोआप कळतं, तू दवंडी पिटायची गरज नाही.

आणि मी तुला नावानं हाक मारू? चारचौघांत? तुझी अक्कल अक्राला जाऊन वाढली की होती तीही गेली? नीट ऐक. माझ्या पोटी तीनदा आलीस, तीनदा मरून गेलीस. एकदा मुलगा होऊन, एकदा मुलगी होऊन, परत मुलगा होऊन, मला वेडी करायला. तिसऱ्यांदा गेलीस तेव्हा तुझ्या बापाच्या आत्यानं पुरण्याआधी तुझ्या टाचेवर सुरीनं रेघ ओढली, परत आली तर ओळखू यावी म्हणून. तू जन्मलीस तशी सुईणीनं तुला उलटी धरली आणि ओरडलीच, टाचेवर रेघ! अख्खी आळी बघायला आली होती. विचार गुरुजींना. तुझी डॉक्टरीण काय म्हणते त्या रेघेबद्दल?

मग मी तुझं कोडकौतुक केलं नाही. मासळीबाजारामागच्या उकिरड्यावर तुला ठेवलं आणि मागे वळून न बघता घरी आले. गुरुजींच्या बायकोनं तुला उचललं, माझ्या दारात आणलं आणि माझ्या नावानं हाक मारून म्हणाली, "अगं ए आबा, कचऱ्यात ही सापडली, हवी का तुला?" मी म्हटलं, "टाका कोपऱ्यात." आणि हाक मारली सुमिना, म्हणजे उकिरडा. म्हणून जगलीस! पलीकडच्यांना वाटलं, कचरा आहे, असू दे. तू म्हणतेस ते नाव देवळात ठेवलं तेही तिनंच, मी नाही. एकतीस वर्षं मी तोंड सांभाळलं आणि आता तुला चारचौघांत हौस आली.

आणि रक्ताचं म्हणतेस. रक्त आईचं असतं. बाप जीव देतो, चालणं-बोलणं देतो, रक्त आईच देते, हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक आहे. म्हणजे माझं रक्त नासकं? तुझी आत्या याच दारात उभी राहून हेच म्हणाली होती, तुझा बाप केप कोस्टच्या बाईकडे गेला तेव्हा. त्या बाईनं त्याला सहा पोरं दिली, सहाच्या सहा पामच्या खोडासारखी. आत्या मेली, आता तेच मी माझ्या पोरीकडून ऐकायचं!

पाणी पी. गार वाऱ्यात फिरू नकोस. सुके मासे पाठवतेय, डबा परत आला पाहिजे.

(पत्र संपल्यावर तुझी आई तोंड पुसत होती. विचारलं तर म्हणाली, धूर गेला डोळ्यात. भट्टी तेव्हा पेटलेली नव्हती. — अर्कोफुल)

•

अक्रा, १० जुलै १९८८

प्रिय आई,

मासे मिळाले. योफीनं अर्धे डब्यातूनच खाल्ले. तो म्हणाला, तुझ्या आईला सांग, मी तुझ्याशी लग्न केलं ते हिशेब करूनच.

आता माझं ऐक. तुझं रक्त नासकं आहे असं मी कधीच म्हणणार नाही. तू म्हणतेस तसं रक्त फक्त आईचं नसतं गं, अर्धं बापाचंही असतं. डॉक्टरीणबाईंनी मला भिंगाखाली दाखवलं. आपल्या रक्तात बारीक बारीक गोल कण असतात, मऊ, कुठूनही वाकून जाणारे. माझ्यातले बरेचसे विळ्यासारखे वाकडे आणि ताठ आहेत. देवळाजवळच्या बोळातून बायका टोपली घेऊन एकापाठोपाठ जातात ना, त्यात एखादी आडवी उभी राहिली की सगळ्या अडकतात आणि मागून शिव्या सुरू होतात, तसंच होतं. हे वाकडे कण बारीक शिरांमध्ये अडकतात, पुढे रक्त जात नाही आणि हाडं ठणकतात. गारठ्यात जास्त, पाणी कमी पडलं की जास्त. इथे त्याला सिकलसेल म्हणतात.

हे ऐकताना मला काय आठवलं सांगू? तू मला बिछाना द्यायची नाहीस. "राखेत झोप, तिथंच शोभतेस," म्हणून भट्टीच्या कडेला ढकलायचीस. तिथे किती ऊब असायची! आणि दिवसभर भोपळ्याचं भांडं तोंडाशी, "पी, नाहीतर डोक्यावर ओतते." डॉक्टरीणबाईंना सांगितलं तर त्या हसल्या आणि म्हणाल्या, आईला माझा नमस्कार सांग.

दुखणं व्हायला दोन्हीकडचा वाटा लागतो. एक वाटा तुझा, एक बाबांचा. एकच वाटा आला तर माणूस ठणठणीत असतो, तुझ्यासारखा, बाबांसारखा. केप कोस्टच्या बाईचं रक्त स्वच्छ होतं, म्हणून बाबांचा वाटा तिच्या मुलांत गपचूप राहिला. तिची मुलं धडधाकट निघाली यात तुझा काय दोष? आत्याबाईंनी तुझ्यावर उगाच चिखल उडवला.

आणि आई, माझ्या आधीच्या त्या तिघांनाही हेच दुखणं होतं. कुणी येत-जात नव्हतं. तुला कुणी फसवत नव्हतं. ती तीन वेगळी मुलं होती, आणि मी चौथी आहे. आता तरी मनावरचं ओझं उतरव. आता मला नावानं हाक मारायला कुणाची भीती?

तुझी,
एकुआ

•

सॉल्टपाँड, १४ ऑगस्ट १९८८

चि. एकुआ हिस आशीर्वाद.

हे पत्र माझं आहे. तुझ्या आईला यातलं काही ठाऊक नाही.

तुझं मागचं पत्र मी तिला वाचून दाखवलं. बोळातल्या टोपल्यांचं ऐकून ती हसली. केप कोस्टच्या बाईचं ऐकून तर मांडीवर थाप मारली आणि म्हणाली, "अर्धा वाटा क्वान्साचा, पोरीच्या बापाचा! त्याची बहीण हे ऐकायला जिवंत हवी होती हो गुरुजी!" मला वाटलं, आता गाडी सरळ लागली. मग तो शेवटचा भाग आला. ती म्हणाली, "ती ओळ परत वाचा." वाचली. "परत." तीन वेगळी मुलं होती, ती ओळ. मग उठली आणि निघून गेली.

भट्टी तेव्हापासून बंद आहे. ऑगस्टात, एकुआ! तारलीचा नुसता पाऊस पडतोय, किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नाही, आणि आबाची भट्टी थंड. बायका मला विचारतात, तिला काय झालं. 

परवा मी गेलो तेव्हा ती काळं-तांबडं लुगडं नेसून बसली होती. म्हटलं, कोण गेलं? तर म्हणाली, "गुरुजी, मला एकच पोर होतं. खट्याळ होतं, येत होतं, जात होतं, पण एकच होतं, आणि शेवटी थांबलं. आता ही लिहिते, तीन होती. मग ती तिघं कुठे गेली हो? तीस वर्षांत एकदासुद्धा मी त्यांच्यासाठी रडले नाही."

बाळे, तू शिकलेली आहेस आणि लिहिलंस ते खरंच असणार. पण तुला हे कुणी सांगितलं नसेल. असं येणारं-जाणारं मूल गेलं की रडायचं नाही, अशी आपली रीत. आईबापानं पांढरं नेसायचं, भुईमुगाचं कालवण खायचं आणि चारचौघांत हसायचं, म्हणजे त्या पोराला जायची गोडी लागत नाही. आबानं तिन्ही वेळा पांढरं नेसून कालवण खाल्लं. माझी बायको शेजारी बसून तिला भरवत होती. पोरांना पुरलं उकिरड्याच्या कडेला, खूण न ठेवता. ती दर वेळी म्हणायची, जाऊ दे, येईल परत. त्या एका वाक्यावर बाई उभी राहिली.

तिला काहीतरी लिही.  देवळात एवढी वर्षं लोकांचं सांत्वन करत आलो, पण हे सांत्वन तुझ्याकडूनच यायला हवं.

तुझा,
अर्कोफुल

•

अक्रा, २५ ऑगस्ट १९८८

आई,

दवाखान्यातून लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं आहे. गुरुजी, समजून घ्या. गारठा वाढला आणि दुखणं आलं, मांड्यांत आणि पाठीत. सलाईन लावलंय, रक्त चढवलंय. योफीच्या शाळेतल्या दोन मास्तरांनी दिलं. बाळ ठीक आहे, लाथा मारतंय. पण डॉक्टरीणबाई आता मला घरी सोडायला तयार नाहीत, बाळ होईपर्यंत इथेच राहा म्हणतात. माझं काही सांगता येत नाही असं त्यांनी योफीला बाहेर नेऊन सांगितलं. मला ऐकू आलं.

मी मूर्ख आहे आई. मला वाटलं, मी तुझ्या डोक्यावरचं टोपलं उतरवतेय. त्यात काय होतं ते मी बघितलंच नाही. तुला दोष लागू नये एवढंच मला हवं होतं, आणि मी तुझं पोरच तुझ्याकडून काढून घेतलं.

टाचेवरच्या रेघेचं तू विचारलं होतंस. ती मी रोज बघते, इथे पडल्या पडल्या दुसरं काम काय? डॉक्टरांना मी त्याबद्दल विचारलेलं नाही. विचारणारही नाही. त्यांना रक्तातलं कळतं, त्यांनी तेवढंच बघावं.

मला आता नावबिव काही नको. काल कळ आली तेव्हा इथली परिचारिका लाडानं म्हणत होती, "एकुआ, माझी राणी, श्वास घे." इतकं गोड बोलणं मला झेपेना. मला तुझा आवाज हवा होता. "सुमिने, मेलीस का?" असा. तसं कुणी ओरडलं असतं तर मी उठून बसले असते. बारशाला मला सुमिनाच म्हण, मोठ्यानं म्हण. पण ये. मला भीती वाटते आई.

एकच विचारते. त्या तिघांची नावं काय होती?

तुझी,
सुमिना

•

सॉल्टपाँड, ३ सप्टेंबर १९८८

(हे पत्र माझ्या भाच्याच्या ट्रोट्रो गाडीतून हातोहात पाठवतो आहे. तुझी आई सांगते आहे, मी लिहितो आहे.  — अर्कोफुल)

माझ्या एकुआ,

हे नाव मी मोठ्यानं घेतलेलं नाही. गुरुजींच्या कानात सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, हेच लिहू का? म्हटलं, बहिरे झालात का, लिहा.

नावं विचारलीस. पहिला आतो. शनिवारी झाला. मक्याची मऊ केंकी बोटानं चाटवली की डोळे मिटून घ्यायचा, म्हातारा माणूस जेवतो तसा. दुसरी एसी, रविवारची. तिसरा एको. त्याला होड्यांच्या शिट्ट्या ऐकू आल्या की तो माझ्या कडेवर नाचायचा. नाचायचा आणि मग रडायचा, आता कळतं, पाय दुखत असणार. मला वाटायचं, हट्टी आहे.

इतकी वर्षं मी त्यांचा सगळ्यांचा एक काला करून ठेवला होता. आता निवडत बसलेय, खडे निवडतात तशी. कुणी काय केलं, कोण कधी हसलं. काही आठवणी कुणाच्या तेच कळत नाही. मंगळवारी होड्या समुद्रावर जात नाहीत, तेव्हा गुरुजींना घेऊन बाजारामागच्या जुन्या उकिरड्यापाशी गेले. आता तिथे कांदे विकणाऱ्या बायका बसतात. त्यांना उठवलं. गुरुजींनी प्रार्थना म्हटली आणि मी रडले. एवढी रडले की कांदेवाल्याही रडल्या, त्यांना बिचाऱ्यांना काही माहीतसुद्धा नव्हतं. आतोसाठी वेगळी रडले, एसीसाठी वेगळी, एकोसाठी वेगळी. घरी आले आणि भट्टी पेटवली.

तू माझी माफी मागू नकोस. तुझा राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण पोरं तीन होती तर तिघांना आपापलं रडणं मिळायला हवं होतं. तू सांगितलंस म्हणून मिळालं. रडण्यावाचून राहिली असती ती तशीच, तुझ्या आड दडून.

आता एक सांगते, वाईट वाटून घेऊ नकोस. कान धरून दूध प्यायची ती एसी. तू नव्हतीस. चुकून तुला सांगितलं होतं. मला तेव्हा तुम्ही सगळी एकच होता.

तू काहीच धरायची नाहीस. तू नुसती बघायचीस. पिता पिता थांबायचीस आणि माझ्या तोंडाकडे एकटक बघत राहायचीस, बाकी कुणीच तसं बघितलं नाही. मी लगेच तोंड फिरवायचे. मला वाटायचं, आता हिच्याकडे बघून हसले की झालं, संपलं. दर वेळी मी फिरवलं. तू परत बघायचीस. ते तुझं. ते फक्त तुझं आहे, एकुआ, त्यात दुसऱ्या कुणाचा वाटा नाही.

येत्या मंगळवारी मी निघते. भट्टी अराबाच्या आईकडे सोपवलीय, ती सगळे मासे करपवणार, करपू देत. बाळ होईपर्यंत तिथेच राहीन, दवाखान्याच्या पायरीवर झोपायला लागलं तरी. निखाऱ्याची शेगडी आणतेय. डॉक्टरीणबाई नाही म्हणाल्या तर त्यांच्याशी मी बोलते. पाणी पीत राहा. मी येईपर्यंत जायचं नाही. ऐकलंस? पोरं जातात ती परत येत नाहीत, हे तूच मला शिकवलंस, आता तूच लक्षात ठेव.

आल्यावर मी तुझ्याकडे बघणार आहे, तोंड फिरवणार नाही. तू सलाईनला बांधलेली असलीस तरी.

तुझ्या डॉक्टरीणबाई बरोबर असतील, तर ऐकणारं पलीकडे कुणीच नाही आणि मला भ्यायचं कारण नाही. पण त्या चुकल्या तर? शिकलेली माणसंही चुकतात. म्हणून आत एकुआ लिहिलंय आणि पाकिटावर गुरुजींना सुमिनाच लिहायला सांगितलंय, चांगलं मोठ्या अक्षरात. वाटेत कुणी बाहेरून वाचलंच, तर त्याला वाटू दे की आत नुसता कचराच आहे.

तुझी आई